अक्षराचं शेपूट

मागच्या श्रावणात एका रात्री मी लेकीचा चालू खेळ बंद केला. रिमोट तिच्या हातात होता. पडद्यावर काळ्या चौकटीत पांढरी जपानी अक्षरं एकेक करून उमटत होती आणि प्रत्येक अक्षरासोबत तो बारीक टिकटिक आवाज येत होता. तिने शेजारी पडलेला आईचा मोबाईल उचलला आणि कॅमेरा टीव्हीसमोर धरला. मोबाईलच्या काचेवर ती अक्षरं क्षणभर थरथरली आणि त्यांच्या जागी इंग्रजी शब्द येऊन बसले. ती मोठ्याने मराठी करून सांगू लागली, "बाबा, त्याच्या वडिलांचं पत्र हाय हे. ते म्हणतात, तू हे वाचतोयस म्हणजे मी आता तुझ्याजवळ नसेन..." मी उठलो, दोन पावलांत मशीनपाशी गेलो आणि बटण सरकवलं. पडदा निळा झाला. खेळ जतन केलेला नव्हता. तिची दीड-दोन तासांची मेहनत गेली. ती काही बोलली नाही. रिमोटची वायर नीट गुंडाळून ठेवली आणि आत झोपायला गेली. तिने वायर इतकी व्यवस्थित गुंडाळली, तेच मला जास्त लागलं. कौलांवर पाऊस वाजत होता आणि मी निळ्या पडद्यासमोर बसून होतो.

मला तेव्हा राग आला होता असं वाटत नाही. काय आलं होतं, ते त्यानंतर कितीतरी दिवस मी शोधत राहिलो.

ते मशीन म्हणजे सुपर फॅमिकॉम, निन्टेंडो ह्या जपानी कंपनीचं व्हिडिओ गेमचं मशीन. राखाडी अंगाचं, रिमोटवर लाल, पिवळी, निळी, हिरवी अशी चार गोल बटणं. जपानात ते 21 नोव्हेंबर 1990 ला विक्रीला आलं. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी आलं 1996 च्या मे महिन्यात, मामाच्या पत्र्याच्या पेटीतून. मामा मार्मागोव्याहून सुटणाऱ्या खनिजाच्या जहाजांवर होता. गोव्याचं लोखंडाचं खनिज तेव्हा जपानला जायचं आणि परतताना मामा काही ना काही आणायचा. कधी छत्री, कधी थर्मास, कधी आजीसाठी गुडघ्याला लावायचं वासाचं मलम. त्या खेपेला त्याने तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून हे मशीन आणलं आणि सोबत एकच कॅसेट. अनमोड घाटातल्या बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन आला होता तो. त्याआधी आमच्याकडे बाजारातला साधा टीव्ही गेम होता, एका कॅसेटमध्ये शंभर खेळ लिहिलेला. त्यातले निम्मे तेच ते, नुसतं नाव बदललेलं. ह्या कॅसेटीत खेळ एकच, आणि तो संपता संपत नाही, असं मामा म्हणाला. त्याला तो येत नव्हता. दुकानदाराने सांगितलेलं त्याने सांगितलं.

पहिल्याच दिवशी अ‍ॅडॉप्टर जळाला. जपानच्या भिंतीत 100 व्होल्ट, आपल्या भिंतीत 230. मामाने पिन बसावी म्हणून दोन तारा सोलून सॉकेटात खोचल्या, आणि मिनिटाभरात सोप्यात वार्निश जळाल्याचा वास भरला. तो वास आजही कुठल्या मोटरीच्या वाइंडिंगमधून आला की मला पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. मी रडलो नाही, पण जेवलोही नाही. दुसऱ्या दिवशी बाबा मला सायकलवर पुढे बसवून खडेबाजारात एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्या माणसाने जळका अ‍ॅडॉप्टर उलटा केला, भिंगातून त्यावरचे आकडे वाचले. 10 व्होल्ट, 850 मिलिअँपिअर. मग म्हणाला, "आकडे वाचता येतात की. बाकीचं जपानी असू दे." त्याने एक एलिमिनेटर काढला, मीटर लावला, आणि पिनेच्या दोन्ही तारा तोडून उलट्या जोडल्या, कारण ह्या मशीनला आतल्या टोकाला उणे लागतं आणि बाहेर अधिक. मी ते तेव्हाच पाठ केलं. बाबांनी त्याला किती पैसे दिले ते मला दिसू दिलं नाही. येताना कुंदा घेतला, आणि घरी येऊन मशीन चालू होईपर्यंत पुडा कुणी सोडला नाही.

ते चालू झालं, पण कृष्णधवल. आमचा टीव्ही रंगीत होता, तरी चित्राला रंग नाही, आणि आधी तर चित्र खालून वर सरकत राहायचं. मागचं छोटं बटण फिरवून बाबांनी ते थांबवलं. टीव्हीवर चित्र पाठवायची जपानची रीत एनटीएससी, आपली 'पाल'. तिकडे सेकंदाला साठ वेळा चित्र येतं, इकडे पन्नास. रंगाची खूण तिकडे 3.58 मेगाहर्ट्झवर, आपला टीव्ही ती 4.43 वर शोधतो, त्याला ती सापडत नाही, मग तो रंग सोडून देतो आणि नुसता उजेड-अंधार दाखवतो. हे सगळं मला खूप नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं की त्या जगात रंगच नसतील. जवळपास वर्षभर मी राखाडी जंगलातून, राखाडी समुद्रावरून फिरलो. मग समोरच्या घरी सगळ्या पद्धती चालणारा नवा टीव्ही आला. ते कन्नड बोलणारे विणकर, मागच्या अंगाला दोन पॉवरलूम. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. आम्ही मशीन टॉवेलात गुंडाळून रस्ता ओलांडला आणि त्याच्या टीव्हीला जोडलं. नायकाच्या डोक्यावरचा फेटा जांभळा होता. मी वर्षभर त्याला काळाच समजत होतो. आम्ही दोघंही काही वेळ खेळलोच नाही, नुसतं त्याला गवतावरून इकडून तिकडे चालवत राहिलो. मागे माग खडखडत होते आणि त्याच्या आईने गिरमिटाची, म्हणजे मसाला लावलेल्या चुरमुऱ्यांची, ताटली आणून मधे ठेवली. "ऊट आतेनु?", म्हणजे जेवण झालं का, असं त्या रोज विचारायच्या आणि मी रोज मराठीत "झालं अक्का" म्हणायचो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

खेळ होता ड्रॅगन क्वेस्टचा पाचवा भाग. जपानात 27 सप्टेंबर 1992 ला आलेला. इंग्रजीत तो अधिकृतपणे यायला 2009 उजाडलं, म्हणजे आम्ही खेळत होतो तेव्हा जपानीशिवाय दुसऱ्या कुठल्या भाषेत तो विकत मिळणं शक्यच नव्हतं. मजकूर बहुतेक सगळा हिरागाना ह्या जपानी लिपीत. आमच्यापाशी पुस्तक नाही, विचारायला माणूस नाही. आम्ही अक्षरं आकारावरून ओळखायला लागलो, जशी लहान मुलं वाचता यायच्या आधी आपल्या बसची पाटी ओळखतात. सगळ्यात आधी दोन शब्द ओळखीचे झाले, कारण ते सारखे सारखे समोर येत. एक दोन अक्षरांचा, एक तीन अक्षरांचा आणि त्यातली पहिली दोन जुळी. वरचा हो, खालचा नाही. त्यांचा उच्चार आता मला माहीत आहे. 'हो'ला जपानीत 'हाइ' म्हणतात. आमच्या बेळगावात 'आहे'ला 'हाय' म्हणतात. तुझ्याकडं हाय काय? हाय की. तेव्हा हे माहीत असतं तर आम्ही दोघं किती वेळ तेच म्हणत बसलो असतो!

एक चूक मात्र मला अजून आठवते. ह्या खेळात हरलेला राक्षस कधी कधी लढाई संपल्यावर पुन्हा उठून उभा राहतो आणि आपल्याकडे बघतो. त्याला आपल्यासोबत यायचं असतं. मालिकेच्या ह्या भागाची तीच नवी गोष्ट होती. खाली प्रश्न येतो, हो की नाही. मला वाटलं तो पुन्हा लढायचं का विचारतोय. मी घाबरून 'नाही' दाबलं. तो निळा थेंबासारखा जीव जागेवरच जरा थांबला आणि निघून गेला. काही ओळी आल्या, त्या वाचता येत नव्हत्या, पण तो कसा गेला ते दिसलं. असं चार-पाच वेळा झालं. मग एकदा माझ्या मित्राने माझ्या हातातून रिमोट घेतला आणि 'हो' दाबलं, आणि तो जीव आमच्या गाडीत येऊन बसला. मला आधीचे सगळे आठवले. त्या रात्री मी आईला विचारलं की आपण न समजता कुणाला नाही म्हटलं तर ते पाप लागतं का. आईने मला झोपायला सांगितलं.

खेळ जतन करायला देवळात जावं लागतं. तिथल्या पुजाऱ्याशी बोलायचं आणि प्रार्थना हा पर्याय निवडायचा, की तो वहीत नोंद करतो. आम्हाला हे कळायला महिना लागला. तोवर करंट गेला की सगळं पहिल्यापासून. त्या महिन्यात मी खेळाची सुरुवात इतक्या वेळा केली की ती मला तोंडपाठ झाली. बाळ जन्माला येतं, त्याला नाव द्यायचं असतं, वडील एक नाव सुचवतात, आई दुसरं. आईचं ते नाव आपण निवडायचं. पडद्यावर अक्षरांचा तक्ता यायचा, आणि मी त्यातली दोन निवडायचो. एक गोगलगायीच्या शंखासारखं, एक डोंगरासारखं. येळ्ळूरच्या बाजूने राजहंसगड दिसतो ना, डावीकडून चढ लहान आणि उजवीकडे लांब उतार, अगदी तसं. मला ते फार आवडायचं. माझ्या नायकाचं नाव वर्षभर तेच होतं आणि त्याचा उच्चार काय, हे मला माहीत नव्हतं.

त्याच वर्षी बाबांची कन्नडची परीक्षा होती.

बाबा खानापूर तालुक्यातल्या खेड्यात मराठी शाळेत शिकलेले. ते शाळेत गेले त्या सुमारास मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. पण त्यांच्या शाळेत फळ्यावर मराठीच राहिलं. पुढे सरकारी कचेरीत लागले, वीस वर्षं हाताखालच्या माणसांच्या मदतीने निभावलं, आणि मग बढती आली तेव्हा कन्नडची परीक्षा आडवी आली. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते रात्री जेवणं झाल्यावर सोप्यात चौरंग ओढून त्यावर दुरेघी वही ठेवून बसायचे. शाईचं पेन, नाकावर घसरलेला चष्मा. त्याच खोलीत चार हातांवर मी टीव्हीसमोर. मला शाळेत कन्नड विषय होता, त्यामुळे मला त्यांच्यापेक्षा बरं येत होतं. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. कन्नडमध्ये ए दोन आहेत, ओ दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ. मराठी कानाला तो फरक लवकर पकडता येत नाही. आणि अक्षरं सगळी गोल, एकमेकांच्या कुशीतून निघालेली. 'व' आणि 'म' तर जवळजवळ एकच. 'म'ला उजवीकडे खाली एक वळसा जास्त, एवढाच फरक. बाबांना तो वळसा दिसायचाच नाही. एकदा ते मोठ्याने वाचत होते. शब्द होता 'मनवी', म्हणजे विनंती-अर्ज, कचेरीत रोज लागणारा. त्यांनी वाचलं, 'वनमी'. मी हसलो. माझा मित्रही तिथे होता, तोही हसला. त्याच्या हसण्यात काही नव्हतं, त्याची ती घरचीच भाषा. माझ्या हसण्यात होतं. बाबांनी वही मिटली, पेनाचं टोपण लावलं आणि अंगणात जाऊन उभे राहिले. बाहेर पाऊस होता, पन्हळीखाली लावलेली घागर भरून वाहत होती आणि ते तिच्याकडे बघत होते.

त्याच सोप्यात मी जपानीतलं एक अक्षर वाचता येत नसताना रात्र रात्र मजेत होतो. मला कुणी परीक्षा लावली नव्हती. मी चुकलो तर कुणी हसत नव्हतं, आणि माझ्या चुकांनी घरात येणारा पैसा थांबणार नव्हता. बाबांच्या वहीत मात्र प्रत्येक अक्षरासोबत ते सगळं होतं. आपल्याकडे लिपीबद्दल बोलायला लागलं की माणसं लगेच एका बाजूला उभी राहतात, आणि मीही एका बाजूचाच आहे. आईच्या भाषेतला कागद आपल्याला मिळावा, ही मागणी मला आजही रास्त वाटते. पण त्या मागणीत मला कधीच मांडता न आलेली एक गोष्ट म्हणजे चौरंगापुढे वाकलेली ती पाठ.

एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, गल्ली बदलून जायची. समोरच्या दारावर लाल-पिवळा झेंडा, आमच्याकडे दार बंद आणि दंडाला काळी फीत. आई म्हणायची, "आज तिकडं जाऊ नको, आणि त्यालाबी बोलवू नको." 1996 च्या एक नोव्हेंबरला मशीन माझ्या घरी होतं आणि कॅसेट त्याच्या घरी. दिवसभर दोन्ही आपापल्या जागी निकामी. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, दूध यायच्या आधी, तो शर्टाच्या आत कॅसेट घालून आला, आणि आम्ही आवाज बंद करून खेळलो. पुढे मोठेपणी मी वाचलं की ह्या मशीनच्या कॅसेटींनाही हद्दी घातलेल्या होत्या. जपानी कॅसेट अमेरिकेतल्या मशीनमध्ये शिरू नये म्हणून तिथल्या खाचेत प्लॅस्टिकची दोन छोटी अटकावणं ठेवलेली, आणि लोक ती पक्कडीने मोडून टाकायचे, की कॅसेट सुरळीत बसायची. युरोपातल्या मशीनचा आकार जपानी मशीनसारखाच, तिथे कॅसेट बसायची, पण आतली चिप ओळख मागायची आणि ती जुळली नाही तर पडदा काळा राहायचा. ते वाचताना मी त्या दुधाच्या आधीच्या सकाळीत जाऊन बसलो होतो.

आता पत्राचं सांगतो.

खेळात सुरुवातीलाच वडील मरतात. शत्रूने मुलाला धरून ठेवलेलं असतं, आणि वडील हात उचलत नाहीत. त्यांच्यावर वार होत राहतात, पडद्यावर आकडे पडत राहतात, आणि ते उलट वार करत नाहीत. त्याला भाषा लागत नाही. मी आणि माझा मित्र, दोघंही ते बघताना बटण दाबत होतो, दाबून काही होणार नाही हे कळत असूनही. मग बरीच वर्षं जातात, मुलगा मोठा होऊन उजाड गावात परत येतो, आणि गुहेत खोल आत त्याला वडिलांनी ठेवलेली एक तलवार आणि एक पत्र सापडतं. 1997 च्या पावसाळ्यात आम्ही तिथे पोचलो. पत्र लांब होतं. चौकट भरायची, बटण दाबलं की पुढची. आम्हाला एवढंच कळलं की हे वडिलांचं आहे, कारण सुरुवातीलाच माझ्या नायकाचं नाव होतं, शंख आणि डोंगर. माझा मित्र म्हणाला, ह्यात पुढं कुठं जायचं ते लिहिलं असणार. मी ते पत्र गणिताच्या वहीत उतरवून घ्यायला बसलो. अक्षर बघायचं, काढायचं, पुन्हा बघायचं. दोन संध्याकाळी गेल्या.

बाबा मागे येऊन कधी उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनी वही हातात घेतली, चष्मा वर सरकवला आणि बराच वेळ पडदा आणि वही, पडदा आणि वही असं बघत राहिले. मग माझ्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे चुकलंय बग. तू दोन्हीकडं एकच काढलंयस. खरं ते दोन वेगळे हाईत. हितं शेपटीला गाठ हाय, तितं न्हाई." मी पडद्याकडे बघितलं. खरंच होतं. एकाच्या शेवटी खाली छोटं वेटोळं, दुसरं तसंच मोकळं सुटलेलं. आता मला माहीत आहे की एक 'रु' आणि एक 'रो'. वर्षभर मी ती दोन अक्षरं एकच समजत होतो. बाबांनी ते पहिल्या नजरेत पकडलं, त्यांनी, ज्यांना 'म'चा वळसा दिसत नव्हता. त्यांनी चौरंग माझ्याजवळ ओढला, आणि त्या रात्री उरलेलं पत्र आम्ही दोघांनी उतरवलं. ते सांगायचे, "गाठ, बिनगाठ, डोंगर, गळ, पुन्हा गाठ," आणि मी काढायचो. कन्नडची वही त्या रात्री उघडलीच नाही. पुढच्या खेपेला ते परीक्षा पास झाले. आम्ही मात्र खेळ पुरा केला नाही. दहावी आली, मित्र धारवाडला शिकायला गेला, टीव्ही बदलला आणि मशीन माळ्यावर गेलं.

बाबा गेले त्याला दीड वर्ष होईल. ह्या वर्षी मे महिन्यात कौलं शाकारायची म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा मशीन निघालं, त्याच टॉवेलात. लेकीने हट्ट धरला. चालू झालं, एलिमिनेटरसकट. पण कॅसेट लावल्यावर आधी तो एक सूर वाजला, जड आणि खाली उतरत जाणारा, आणि मी तो ओळखला. तुमची वही नाहीशी झाली असं सांगणारा सूर. कॅसेटीच्या आत एक गोल बॅटरी असते, 3 व्होल्टची, आपण घड्याळात किंवा वजनकाट्यात घालतो तसली. जतन केलेलं सगळं तिच्या जिवावर टिकतं. ती संपली की नोंदी गेल्या. स्क्रू वेगळ्याच डोक्याचे होते, साध्या पान्याने निघेनात. मग एका जुन्या बॉलपेनाची नळी मेणबत्तीवर मऊ करून स्क्रूवर दाबली, गार होऊ दिली आणि फिरवली. निघाला. गणपत गल्लीतल्या मोबाईलवाल्या पोराने दहा मिनिटांत नवीन बॅटरी झाळून दिली. ती काढताना जुनी मी मागून घेतली. ती देव्हाऱ्याच्या खणात आहे. तिथे का ठेवली ते सांगता येणार नाही.

माळ्यावर एक ट्रंकही होती. तिच्यात बाबांच्या कचेरीच्या वह्या, पगाराच्या पावत्या, परीक्षेचा निकाल घडी घालून ठेवलेला. आणि ती दुरेघी वही. पानंच्या पानं कन्नडचा 'म', वळशासकट, निळ्या शाईत, प्रत्येक ओळीत पहिल्यापेक्षा दुसरा जरा बरा. शेवटच्या पानावर, जिथे ते पेन चालतंय का बघायचे तिथे, एक ओळ होती. गाठीचं अक्षर, बिनगाठीचं अक्षर, गाठीचं, बिनगाठीचं. ओळ संपेपर्यंत. ही त्यांनी कधी काढली, मी शाळेत असताना की नंतर कधी, काहीच कळायला मार्ग नाही. मी वही बायकोला दाखवली, लेकीला दाखवली नाही. आणि त्यानंतर तीन महिन्यांनी लेकीने मोबाईल धरला आणि ते पत्र एका क्षणात इंग्रजीत वाचून टाकलं. मला वाटतं मी खेळ बंद केला तो ह्यामुळे. त्या पत्रात काय आहे हे मी कधीही शोधू शकलो असतो. 2009 नंतर तर फारच सोपं होतं. मी शोधलं नाही. आमच्याकडे ते न वाचता पण अक्षर अक्षर बघून उतरवलेलं होतं, आणि मला ते तसंच पुरत होतं.

पण हे लेकीवर अन्याय करणारं होतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं की वडील काय म्हणतायत. तेवढ्यासाठीच तिने फोन उचलला होता, आणि मी तिला उत्तर म्हणून निळा पडदा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला वही दाखवली. ती शेवटच्या पानापाशी थांबली आणि म्हणाली, "आजोबांनी हे कुठं बघितलं?" मग मी तिला सगळं सांगितलं, वनमीसुद्धा. ती हसली नाही.

मग आम्ही अक्षरं शिकायला बसलो. हिरागानाची मूळ अक्षरं सेहेचाळीस. रोज पाच, भिंतीवर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून. मी बेचाळिशीचा, ती बारा वर्षांची, आणि ती माझ्यापेक्षा दुपटीने पुढे. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या नायकाचं नाव लावलं. शंख म्हणजे 'नो'. डोंगर म्हणजे 'हे'. नोहे. मी ते तिच्या तोंडून ऐकलं आणि मला आजीचा आवाज आठवला, पहाटेच्या अभंगातला, जिथे ओळीच्या शेवटी हा शब्द येऊन टेकतो. नोहे, म्हणजे नाही, तसं नाही. वर्षभर मी एका जपानी मुलाला संतांच्या मराठीतलं नाव देऊन हिंडवत होतो. लेकीने मला विचारलं की आता नाव बदलायचं का. मी म्हटलं, राहू दे.

गौरी-गणपती झाल्यावर आम्ही पुन्हा त्या गुहेत पोचलो. ह्या खेपेला गावाच्या देवळात प्रार्थना करून, म्हणजे जतन करून आत गेलो. मोबाईल आत चार्जिंगला होता. पत्र आलं. टिकटिक करत अक्षरं उमटली आणि मी एकेक लावत वाचायला सुरुवात केली, बाबा बसस्टँडवर पाटी वाचायचे तशी, खा, ना, पु, र, प्रत्येक अक्षराला बोट लावत आणि शेवटी सगळं जोडून. "नो... हे... यो." लेक शेजारी बसली होती. बाहेर समोरच्या घरात माग चालू होते. मित्राची आई आता एकटीच असते तिथे, माग चालवायला माणूस ठेवलाय. पहिली चौकट संपली तेव्हा लेकीने विचारलं, "अर्थ काय ह्याचा?"

"अजून कळत न्हाई," मी म्हटलं. "खरं वाचता येतंय."

"मग पुढचं वाच की. आणि बाबा, ते 'रो' न्हाई, 'रु' हाय. शेपटीला गाठ हाय बघ."